चौकातली बाग आणि पाखरं : वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी आलेली बहुतेक पत्रं एकाच विषयावरची आहेत. गल्लीच्या, कॉलनीच्या चौकात लोक मिळून बाग करताहेत आणि तिथं पाखरं यावीत अशी त्यांची इच्छा आहे. निम्म्या पत्रांत दाणे किती टाकायचे, एवढंच विचारलं आहे. आमच्या मते दाण्यांचा नंबर सगळ्यात शेवटचा. आधी आडोसा, मग पाणी, मग किडे. हे तीन जमले तर दाणा नसला तरी चालतो, आणि हे तीन नसताना दाणे टाकले तर फक्त पारवे येतात.

प्रश्न (लातूर) : कॉलनीच्या तोंडाशी ४० बाय २५ फुटांची तिकोनी मोकळी जागा आहे. रस्त्याच्या कामाचा राडारोडा तिथंच पडलाय, त्याखाली काळी माती आहे. पाखरांसाठी काय लावावं आणि कधी लावावं?

उत्तर : आधी जागा कुणाची ते शोधा. शहरातला प्रत्येक रस्ता महापालिकेचा नसतो. राज्यमार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाला विचारावं लागतं. परवानगी लेखी घ्या आणि त्याच अर्जात जलवाहिनी, ड्रेनेज आणि केबल कुठून गेल्यात तेही दाखवून मागा. पहिल्याच दिवशी सब्बल केबलवर बसली तर पुढं वर्षभर बागेचं नाव कुणी काढत नाही. डोक्यावर विजेच्या तारा असतील तर त्याखाली फक्त झुडपं लावा.

मग राडारोडा. पुष्कळ ठिकाणी त्यावरच चार इंच लाल माती पसरतात आणि वर हिरवळ अंथरतात. पहिल्या उन्हाळ्यातच ती जळते. आपल्या जमिनीत चुनखडी मुळातच जास्त, त्यात सिमेंटचा चुरा मिसळला की झाडाला लोह मिळेनासं होतं. नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अशा वेळी एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवून संध्याकाळी फवारा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा फवारा. पण हा तात्पुरता उपाय झाला. राडारोडा काळी माती लागेपर्यंत उचलायला हवा, निदान जिथं खड्डे घ्यायचेत तिथं तरी.

झाडांसाठी २ बाय २ बाय २ फुटांचे खड्डे एप्रिल-मे महिन्यात घेऊन तापू द्या. एका खड्ड्याला पंधरा घमेली माल लागतो. नऊ घमेली खड्ड्यातली माती, तीन घमेली मुरूम किंवा जाड वाळू, तीन घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत आणि अर्धा किलो निंबोळी पेंड. शेणखत अर्धकच्चं असेल तर हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि वाळवी सोबत येतात. हातात घेतल्यावर वास आला तर ते आणखी दोन महिने ठेवा. खड्ड्याच्या तळाशी विटांचे तुकडे टाकायची पद्धत काळ्या जमिनीत उपयोगाची नाही. चारी बाजूंनी चिकणमाती असताना पाणी तळात साचून राहतं आणि विटांच्या थराने त्याला वाट मिळत नाही. त्यापेक्षा खड्डा भरून वर चार-सहा इंच उंचवटा ठेवा. माती बसल्यावर तो जमिनीच्या बरोबरीला येतो आणि श्रावणात मुळं सडत नाहीत.

मृगाची पहिली सर पडली की रोपं लावायची घाई होते. शेतकरी पेरणीला जो हिशोब लावतो तोच इथं लावा. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोल गेली की लावा, म्हणजे साधारण जूनअखेर ते जुलैचा मध्य. रोप पाच-सहा फुटी, पिशवीतलं, सरळ खोडाचं निवडा. पिशवी फाडल्यावर मुळं गोल वेटोळं करून बसलेली दिसली तर बाहेरची वेटोळी कात्रीने कापा. तशीच लावली तर झाड तीन-चार वर्षं बरं दिसतं आणि मग वादळात बुडापासून उपटतं.

आता काय लावायचं. जागा जेमतेम पाचशे चौरस फुटांची आहे, म्हणून वड, पिंपळ, उंबर यांचा मोह टाळा. पाखरांना यांच्याइतकं जवळचं दुसरं झाड नाही हे खरं. आपला राज्यपक्षी हरियल उंबर-वडाच्या फळांवरच जगतो. पण त्यांची मुळं दहा-पंधरा वर्षांत जलवाहिनी शोधून काढतात. ही झाडं तलावाकाठी किंवा मोठ्या मैदानात लावा. तुमच्या तिकोनात तीन झाडं पुरेत. मधोमध कडुनिंब, त्याच्यापासून १६ ते २० फुटांवर भोकर आणि तिसऱ्या कोपऱ्याला तुती. लिंबोळ्या आणि भोकरं ऐन उन्हाळ्यात आणि पावसाच्या तोंडावर पिकतात. बुलबुल, साळुंकी, कोकीळ त्यांवर येतात. तुतीला उन्हाळ्याच्या सुरुवातीला फळ येतं. ती दरवर्षी छाटली तर आटोक्यात राहते.

खरी गंमत झुडपांत आहे, आणि तिथंच लोक हात आखडता घेतात. चिमणी, शिंपी, वटवट्या, बुलबुल यांना चार ते सहा फूट उंचीची दाट, थोडी काटेरी गचपण लागते. मेंदी, अडुळसा, निरगुडी आणि कोरांटी एकमेकांपासून अडीच फुटांवर तीन ओळींत, नागमोडी लावा. अडुळसा आणि कोरांटी फुलली की फुलांतला मध पिणारा शिंजीर येतोच. हमेलिया परदेशी आहे, पण बाराही महिने लाल नळीसारखी फुलं आणि वर काळी फळं देतं, पाणीही कमी मागतं, म्हणून दोन-चार झाडांना आमची हरकत नाही. बोगनवेलीचा उपयोग आडोशापुरता. कोनोकार्पस हे झटपट वाढणारं परदेशी शोभेचं झाड मात्र एकही नको. गुजरात सरकारने २०२३ साली त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे, आणि पाखरांना त्यातून काही मिळत नाही. घाणेरीचं फळ बुलबुल आवडीने खातो, तरीही ती लावू नका. बुलबुलच तिचं बी अख्ख्या शहरात पोचवतो.

हिरवळ लावूच नका असं आमचं स्पष्ट मत आहे. उन्हाळ्यात एका चौरस मीटरला रोज चार-पाच लिटर पाणी लागतं. तुमच्या अख्ख्या जागेला दोनशे लिटरच्या आसपास, तेही रोज, आणि तेही लातुरात. तिथं २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. त्याऐवजी मारवेल गवत लावा आणि फुलोरा येऊन बी पडेपर्यंत कापू नका. मनोल्या आणि चिमण्या ते बी टिपतात. एका कोपऱ्यात चार फूट रुंद पट्टा राळ्याचा पेरा. तीन महिन्यांत कणसं येतात, उंचीही कमरेच्या आसपास राहते.

शेवटची गोष्ट वाहतुकीची. रस्त्याच्या कडेपासून पाच फुटांपर्यंत गुडघ्याच्या वर जाणारं काही लावू नका, आणि झाडांच्या खालच्या फांद्या आठ फुटांपर्यंत काढून ठेवा. वळणाऱ्याला पलीकडचं दिसलं पाहिजे. यात पाखरांचाही जीव वाचतो. फुलाफळांची झुडपं कडेला असली की बुलबुल रस्ता ओलांडताना खालून उडतो आणि गाडीवर आदळतो. ती मध्यभागी असली की उंचावरून येतो.

प्रश्न (बीड) : मार्चनंतर आमच्याकडे टँकर. बोअरचं पाणी खारं. अशा ठिकाणी चौकातली बाग उन्हाळ्यात जगवायची कशी? आणि पाखरांच्या पाण्याचं काय?

उत्तर : आधी हिशोब मांडा, मग घाबरा. वर सांगितल्यासारखी तीन झाडं आणि २५ झुडपं धरू. दुसऱ्या उन्हाळ्यात झाडाला पाच दिवसांतून एकदा २० लिटर, झुडपाला चार दिवसांतून एकदा ४ लिटर, आणि पाखरांच्या दोन भांड्यांना रोज ८ लिटर. आठवड्याला सव्वातीनशे लिटरच्या आसपास होतात. पाचशे लिटरची टाकी आठवड्यातून एकदा भरली की भागलं. रोज थोडं-थोडं शिंपडणं ही सगळ्यात वाईट सवय. पाणी वरच्या दोन इंचांत राहतं, मुळं वरच येतात आणि पाणी एकदा चुकलं की झाड मान टाकतं.

काळी माती मार्चपासून भेगाळते. भेगांतून ओल उडते आणि बारीक मुळं तुटतात. म्हणून फेब्रुवारीतच खुरपणी करून भेगा बुजवा आणि तीन-चार इंच आच्छादन घाला. उसाचं पाचट, सोयाबीनचं भुसकट, वाळका पाला, जे फुकट मिळेल ते चालेल. खोडापासून चार बोटं जागा मोकळी ठेवा, नाही तर साल कुजते. वाळवी लागली तर आच्छादन कोरडंठाक होऊ न देणं आणि खाली निंबोळी पेंड पसरणं एवढं पुरतं. या आच्छादनात किडे, गोगलगायी, गांडुळं पोसतात, आणि ती उकरायला दयाळ, साळुंकी, सातभाई येतात. पाला पेटवून जागा ‘स्वच्छ’ करणारा माणूस चौकात असेल तर आधी त्याला समजवा.

झुडपांसाठी मडकं पुरण्याची जुनी रीत इथं चांगली चालते. पाच-सहा लिटरचं कच्च्या रंगाचं, न चकाकणारं मडकं झुडपापासून एक फुटावर गळ्यापर्यंत पुरा आणि तोंडावर झाकण ठेवा. झाकण नसेल तर डास होतात आणि खारीची पिल्लं बुडतात. खाऱ्या पाण्याने मडक्याची छिद्रं वर्ष-दोन वर्षांत बुजतात. पाणी उतरायचं थांबलं की मडकं बदला.

बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे एका लिटरमध्ये विरघळलेले क्षार किती मिलिग्रॅम, तो मोजून घ्या. जारचं पाणी विकणाऱ्याकडे मीटर असतो. हजारपर्यंत काळजी नाही. दीड हजाराच्या वर गेलं तर ते फक्त कडुनिंब, करंज, बोर, मेंदी अशा दणकट झाडांना, तेही एक पाळी खारी आणि एक गोडी, असं द्या. जास्वंदीला खारं पाणी चालत नाही, पानांच्या कडा जळतात. आरओच्या सांडपाण्यालाही हाच नियम. एसीतून टपकणारं पाणी मात्र गोडं असतं. चौकाला लागून बँक किंवा दवाखाना असेल तर ती नळी टाकीकडे वळवता येते का ते विचारा.

पाखरांचं भांडं दीड फूट व्यासाचं, उथळ, खरखरीत मातीचं किंवा सिमेंटचं घ्या. खोली कडेला अर्धा इंच आणि मध्ये दोन इंच. खोल घमेलं ठेवलंत तर चिमणीला उतरता येत नाही. मध्ये एक चपटा दगड ठेवा, मधमाश्यांनाही उतरायला जागा होते. स्टील आणि जर्मनची भांडी मे महिन्यात हात लावू देत नाहीत, ती नकोत. भांडं सावलीत, जमिनीपासून तीन-चार फुटांवर आणि दाट झुडपापासून सहा-सात फुटांवर ठेवा. जवळ ठेवलं तर मांजर दबा धरून बसतं, फार लांब ठेवलं तर शिकऱ्यापासून पळायला आडोसा उरत नाही. रोज पाणी बदला आणि दोन दिवसांआड नारळाच्या काथ्याने घासा, साबण लावू नका. डासाची अळी पाण्यात आठवडाभर तरी राहते, त्यामुळे बदलत्या पाण्यात डास होण्याची भीती नाही. न घासलेल्या भांड्यातून मात्र होल्या-पारव्यांचे घशाचे रोग पसरतात. उन्हाळ्यापुरती दहा भांडी वाटण्यापेक्षा बारा महिने घासलेली दोन भांडी बरी.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : आमच्या चौकात सकाळी पोत्याने ज्वारी पडते. शेकडो पारवे आहेत, चिमणी एकही नाही. दाणे टाकणारे म्हणतात, पुण्य आहे. काय करावं?

उत्तर : भांडण करू नका आणि एका दिवसात बंदही करू नका. पारव्याला जिथं बारमाही दाणा मिळतो तिथं तो बारमाही अंडी घालतो. दाणा कमी झाला की थवा आपोआप पांगतो. टाकणाऱ्यांना विनंती करून दर आठवड्याला प्रमाण निम्मं करत न्या, चौथ्या आठवड्यात थांबा. टाकलेलं तासाभरात उचलायचं, रात्री काही उरू द्यायचं नाही. उरलेल्या दाण्यावर उंदीर येतात.

विष्ठेचा विषय हसण्यावारी नेऊ नका. वाळलेल्या विष्ठेची धूळ सतत श्वासात गेली तर काहींच्या फुप्फुसांना कायमची इजा होते. कोरडा झाडू कधीच मारू नका. आधी पाणी मारा, तोंडाला मास्क बांधा, मग खरवडा. मुंबईत २०२५ साली कबुतरखान्यांचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला तो याच कारणाने.

पुण्य करणाऱ्यांना दुसरं काम द्या. पाण्याच्या भांड्यांची जबाबदारी घेणाराही पुण्यवानच. ज्यांना दाणाच द्यायचा आहे त्यांच्यासाठी पिंजऱ्याचा दाणघर करा. दीड इंची चौकोनी वेल्डेड जाळीची दोन फुटी पेटी, आत मध्यभागी ताटली. चिमणी आणि मनोली जाळीतून सहज आत जातात, पारवा बाहेर राहतो. ताटली जाळीपासून सहा इंच तरी आत असावी, नाही तर पारवे मान घालून दाणे ओढतात. बाजरी, राळा, तांदळाची कणी, भरडलेली ज्वारी, मिळून दिवसाला दोन मुठी. शेव, फरसाण, खारा भात नको. आणि एक गोष्ट आपल्याकडे फार महत्त्वाची. पेरून उरलेलं गुलाबी, निळं, हिरवं बियाणं पाखरांना कधीही टाकू नका. त्याला बुरशीनाशक किंवा कीटकनाशक चोळलेलं असतं. गंधक चोळलेली ज्वारीही नको. धुऊन टाकली तरी नको.

प्रश्न (जालना) : चिमण्यांसाठी पत्र्याची वीस घरटी चौकातल्या खांबांवर लावली. दोन वर्षं झाली, एकही चिमणी आली नाही.

उत्तर : बरं झालं आली नाही. मे महिन्यात त्या पत्र्यात पिल्लं भाजली असती.

चिमणी आपल्याकडे माळवदाच्या घरात, खांडांच्या फटीत, फोटोच्या मागं राहायची. जाड मातीच्या छतामुळं आतलं तापमान फारसं चढत नसे. लाकडी पेटीत तेच साधायचं आहे. अर्धा ते पाऊण इंच जाडीची फळी घ्या. तळ आतून पाच बाय पाच इंच, उंची नऊ-दहा इंच. भोक ३२ मिलिमीटर, तळापासून पाच-सहा इंच वर. यापेक्षा मोठं केलं तर साळुंकी आत शिरते. भोकाखाली बसायला दांडी लावू नका. चिमणीला ती लागत नाही, कावळ्याला लागते. छत उतरतं आणि पुढं दोन इंच आलेलं, छताखाली दोन्ही बाजूंना हवेची छिद्रं, तळाला चार बारीक छिद्रं. आतून रंग किंवा वॉर्निश नको. एक बाजू बिजागरीची ठेवा. खारी भोक कुरतडतात, म्हणून भोकाभोवती पत्र्याची गोल चकती ठोका. पत्र्याचा तेवढा उपयोग आहे.

पेटी खांबावर नको, भिंतीवर हवी. दहा फूट उंचीवर, तोंड उत्तरेला किंवा पूर्वेला, वर सज्जाची सावली. लोंबकळती नको, घट्ट ठोकलेली हवी. चिमणी वस्तीने राहते, म्हणून तीन-चार पेट्या एकाच भिंतीवर तीन-तीन फुटांच्या अंतराने लावा. डिसेंबरात लावलेल्या पेट्या चिमण्या जानेवारी-फेब्रुवारीत पाहून ठेवतात. एप्रिलमध्ये लावल्या तर त्या वर्षीची आशा सोडा. साफसफाई वर्षातून एकदाच, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. मधल्या काळात उघडून पाहू नका.

आणि चौकाच्या शंभर पावलांत एकही झुडूप नसेल तर सोन्याची पेटी लावली तरी चिमणी येणार नाही. पिल्लांना पहिले काही दिवस दाणा पचत नाही, अळ्या आणि मऊ किडेच लागतात. बुलबुल, शिंपी, शिंजीर पेटीत कधीच राहत नाहीत, त्यांना झुडूपच हवं.

प्रश्न (परभणी) : करंजाच्या पानांवर फोड आले आणि अडुळशावर अळ्या पडल्यात. लोक म्हणतात फवारा मारा.

उत्तर : करंजाचे फोड कोळ्यासारख्या अतिबारीक जिवामुळं येतात. दिसायला वाईट, झाडाला काही होत नाही. अळ्या म्हणजे तर पाखरांचा शिधा. झुडपाची निम्म्याहून जास्त पानं गेली तरच हात घाला. पाच टक्के निंबोळी अर्क करा. अर्धा किलो लिंबोळीचा भरडा रात्रभर पाण्यात भिजत घाला, सकाळी फडक्यातून गाळा, १० लिटर करा, त्यात १० ते २० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवा आणि त्याच दिवशी संध्याकाळी फवारा. दुसऱ्या दिवशी त्याचा जोर राहत नाही. फेब्रुवारी ते सप्टेंबर चिमण्यांचा विणीचा काळ असतो, त्या दिवसांत रासायनिक फवारणी अजिबात नको.

प्रश्न (नांदेड) : बचत गटाच्या बायका चौकालगतच्या पट्टीत भाजी लावतात. बुलबुल टोमॅटो फोडतात, पाखरं मेथीचे कोंब उपटतात. जाळी टाकली तर तिच्यात पाखरं अडकून मेली. आता गटातही कुरबुरी सुरू झाल्यात.

उत्तर : मासे धरायची बारीक नायलॉनची जाळी सैल पसरली की हेच होतं, तिच्यात धामणही अडकते. जाळी आज काढा. बांबूच्या कामट्यांच्या कमानी दोन-दोन फुटांवर रोवा आणि त्यावर ५० टक्के सावलीचं शेडनेट ताणून बसवा, कडा विटांनी दाबा. ताणलेल्या कापडात पाय अडकत नाही. मेथी, पालक यांना पहिले दहा-बारा दिवस झाकलं की पुरे, जुनं सुती लुगडंही चालतं. टोमॅटोचा रंग पालटायला लागला की तोडा आणि घरात टोपल्यात पिकवा. बुलबुल पूर्ण लालीची वाट पाहतो, आपण त्याच्याआधी तोडायचा. पट्टीच्या टोकाला दोन-तीन झाडं मुद्दाम त्याच्या वाट्याची ठेवा. तिथं पोट भरलं तरी तो बाकीच्या वाफ्यांत येईलच, पण कमी.

रस्त्याला लागून पालेभाजी घेऊ नका, पानांवर धूळ आणि धूर बसतो. तिथं वांगी, भेंडी, गवार लावा आणि पालेभाज्या आतल्या बाजूला.

कुरबुरी दोनच गोष्टींवरून होतात, नळ आणि माल. दहा बाय चार फुटांचा वाफा एका घराकडे द्या, वाफ्यावर पाटी लावा. ज्याचा वाफा त्याचा माल. सामायिक फक्त शेवगा, कढीपत्ता आणि लिंबू. नळाची किल्ली आठवड्याने फिरती ठेवा आणि ज्या घराकडे किल्ली त्याच घराने पाखरांची भांडी घासायची. तीन आठवडे कुणी फिरकलं नाही तर वाफा पुढच्याला. हे सगळं आधी लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. माणसं चांगली असली तरी घ्या.

प्रश्न (धाराशिव) : चौकात पुतळा आहे. जयंतीला मंडप, मिरवणूक, हारांचे ढीग. दरवर्षी झाडं तुडवली जातात. विरोध करायचा नाही, पण बाग टिकावी.

उत्तर : विरोध करायचं कारणच नाही. चौक आधी जयंतीचा, मग बागेचा. नकाशाच तसा आखा. चौथऱ्याभोवती सहा फूट रुंद फरशी मोकळी ठेवा, हार घालायला शिडी लागते आणि माणसं उभी राहतात. चौथऱ्यापासून निदान रस्त्यापर्यंत एक दहा फुटी वाट सरळ ठेवा. गर्दी सरळच जाते, वळणाची वाट कुणी पाळत नाही. मंडपाचे खांब दरवर्षी नव्या जागी रोवतात आणि मुळं तोडतात. त्याऐवजी उत्सव समितीला सोबत घेऊन ठरलेल्या जागी दीड फूट लांबीचे लोखंडी पाईप काँक्रीटमध्ये कायमचे पुरा, वर झाकण. खांब त्यातच उभा करायचा. पाईपची जाडी मंडपवाल्याकडचे खांब मोजून ठरवा. झाडांवर लाइटच्या माळा गुंडाळू नका, १४ एप्रिलच्या सुमारास बुलबुल, चिमण्यांची पिल्लं घरट्यात असतात. माळा खांबांवर लावा.

हारांचा ढीग दुसऱ्या दिवशी बागेलाच द्या. दोरा, प्लॅस्टिक, चमकी काढून टाका. भोकं पाडलेल्या दोनशे लिटरच्या ड्रममध्ये एक थर फुलांचा, दोन थर वाळक्या पाल्याचे, वर मूठभर शेणखत. आठवड्यातून एकदा ढवळा. दोन महिन्यांत खत होतं. फुलं एकटीच भरली तर चिखल होतो आणि वास सुटतो.

प्रश्न (परभणी) : चौकातल्या पिंपळावर संध्याकाळी हजारो साळुंक्या-भोरड्या येतात. खालचे दुकानदार फांद्या तोडा म्हणतात.

उत्तर : महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांना १९७५ च्या कायद्याचं संरक्षण आहे. वृक्ष प्राधिकरणाची परवानगी न घेता तोड केली तर गुन्हा होतो. फटाके वाजवून हाकललेला थवा चार दिवसांनी शेजारच्या झाडावर बसतो, मग तिथले दुकानदार पत्र लिहितात. भोरड्या हिवाळी पाहुण्या आहेत, मार्च-एप्रिलपर्यंत आपल्या वाटेने परत जातात. तोवर पार्किंग झाडाच्या घेराबाहेर न्या, दुकानाच्या बाजूला तिरपी ताडपत्री लावा, आणि खाली फरशीऐवजी पाल्याचा थर असू द्या. विष्ठा त्यात मुरते, वास येत नाही. सकाळी फरशी ओली करूनच झाडा.

प्रश्न (हिंगोली) : संक्रांतीनंतर झाडांत मांजा लटकलेला असतो, पाखरं जखमी होतात. शिवाय उन्हाळ्यात पिल्लं खाली पडलेली सापडतात. तेव्हा काय करायचं?

उत्तर : नायलॉन मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली देशभर बंदी घातली आहे, त्यामुळे विकणाऱ्याची तक्रार पोलिसांत करता येते. संक्रांतीनंतरच्या आठवड्यात लांब बांबूला आकडी बांधून सगळ्या झाडांवरचा मांजा उतरवून घ्या. काढलेला मांजा बारीक कापूनच कचऱ्यात टाका, अखंड टाकला तर उकिरड्यावरच्या घारी आणि बगळे त्यात अडकतात. अडकलेल्या पाखराचा मांजा ओढू नका, दोन्ही बाजूंनी कात्रीने कापा. जखमेत रुतलेला तुकडा तसाच राहू द्या. पाखरू सुती कापडात गुंडाळून भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवा. तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनळीत जातं. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

पिल्लाचं आधी अंग पाहा. पिसं आलेली असतील, पायावर उभं राहून टुणटुण उड्या मारत असेल, तर ते पडलेलं नाही, उडायला शिकतंय. मांजर-कुत्र्यापासून बाजूला, जवळच्या झुडपात ठेवा आणि वीस-तीस फूट लांब जा. आई तासाभरात चारा घेऊन येते. तुम्ही जवळ उभे राहिलात तर येत नाही. उघडं, बिनपिसांचं असेल तर घरटं शोधून परत ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून आई टाकून देते हे खरं नाही. घरटंच खाली आलं असेल तर नारळाच्या करवंटीला भोकं पाडा, तेच गवत आत घाला आणि त्याच फांदीला तारेने बांधा, सावलीच्या बाजूला.